ठाणेदारणीची ओटी

आमच्या दुकानातली ठाणेदारीण चोर पकडायची ती ओटी भरून. तिने कधी कोणाचा हात धरला नाही, कोणाची पिशवी उघडली नाही की आवाज चढवला नाही. ती कपाळाला हळदीकुंकू लावायची, पदरात तांदूळ टाकायची, आणि समोरच्या बाईने काखेत दाबलेली साडी आपोआप जमिनीवर पडायची. साकोलीच्या आसपास तिच्या हातची अशी ओटी घेतलेल्या बायका पुष्कळ आहेत. त्यातल्या काही अजूनही आमच्या दुकानासमोरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरतात.

तिचं खरं नाव शेवंताबाई. ‘ठाणेदारीण’ हे नाव शर्टांच्या काउंटरवरच्या पोरांनी पाठीमागे ठेवलेलं. समोर सगळे मावशीच म्हणत. सानगडीकडच्या एका तलावाकाठच्या ढिवर घरातली. नवरा तलावात जाळं टाकायचा आणि ती पूर्वी टोपलं घेऊन बाजारात मासोळी विकायची. गावाकडच्या बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलतात हे पाहून शेठने तिला साड्यांच्या मजल्यावर ठेवलं. पंचेचाळिशीची, उंच, काळीसावळी, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पोरं नाक दाबून म्हणत, आज शालूला झिंग्यांचा वास येऊन राहिला. ती साडीची घडी घालत शांतपणे म्हणायची, “घे बाबू वास, फुकटचा हाय. खायाची ऐपत नाही तुही.” आणि मग त्या पोराकडून दिवसभर वरच्या फळीवरचे गठ्ठे उतरवून घ्यायची आणि तेच परत चढवायला लावायची. मावशी मायाळू होती असं मी लिहिणार नाही. मी त्याच मजल्यावर बिलाच्या काउंटरवर बसत होते; मला तिची माया कधी दिसली तर ती एकदाच, आणि ती पाहवत नव्हती.

शेठचा नियम असा होता की ज्याच्या समोरून माल गेला, त्याने तो अडवला का नाही ते सांगावं. कॅमेरे चारी कोपऱ्यांत होते, पण शेठ ते घरी जेवताना मोबाइलवर पाहायचा. सकाळी गल्ल्यापाशी उदबत्ती लावून झाली की आम्हाला रांगेत उभं करून दाखवायचा, ही पाहा बाई चालली आणि हे पाहा आमचे राजे पाणी पिऊन राहिले. शर्टांच्या काउंटरवरच्या दिवाकरने हे फार मनावर घेतलं आणि एकदा एका माणसाला दारात अडवलं. माणूस एकटा नव्हता. दिवाकरचे पुढचे दात गेले, आणि त्याचा मार खातानाचा व्हिडिओ तालुकाभर फिरला. शेठ दवाखान्यात आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “तुला कोणी सांगितलं होतं रे हात लावायला?” दिवाकरला तोंड उघडता येत नव्हतं, नाहीतर त्याने नाव सांगितलं असतं.

त्यानंतर शेठने नियमात भर घातली: चोर अडवायचा, पण गिऱ्हाईक दुखवायचं नाही. हे दोन्ही एकदम कसं करायचं ते त्याने सांगितलं नाही. आमचं दुकान बस्त्यावर चालतं. बस्ता म्हणजे अख्ख्या लग्नाची कापडखरेदी. दोन्हीकडची मंडळी गाड्या भरून येतात, गादीवर दिवसभर बसतात, चहा पितात, भांडतात आणि मानपानाच्या साड्या निवडतात. त्या गर्दीत एक-दोन साड्या जाणारच. पण त्यातल्या एका बाईला चोर म्हटलं की अख्खं लग्न उठून समोरच्या दुकानात जातं. त्यामुळे आम्ही सगळे चोरीकडे पाठ करून उभं राहायला शिकलो होतो.

वाट काढली ती मावशीने. तिने शेठकडे तांदळाचा एक डबा, हळदीकुंकवाचं ताट आणि न खपलेले ब्लाउजपीस मागितले. बस्त्याला आलेल्या प्रत्येक सवाष्णीची जाताना दुकानातर्फे ओटी भरायची म्हणाली. शेठला ती जाहिरात वाटली. गावोगाव नाव होईल म्हणून तो खूश झाला. खरी गोष्ट त्याला पहिल्याच बस्त्याला कळली.

ओटी घ्यायची तर दोन्ही हातांनी पदर पुढे पसरावा लागतो. दोन्ही हात पुढे आले की काख सुटते. आणि लग्नाच्या खरेदीला आलेली सवाष्ण ओटीला नाही म्हणत नाही, तो अपशकुन. पहिली सापडली ती एका नवरदेवाची मामी. तिने एकाच हाताने पदर धरला. मावशी हसून म्हणाली, “एका हातानं घेत नाही बाई, देवी रुसते.” दुसरा हात पुढे आला आणि पैठणी पायावर पडली. मावशीने ती उचलली, झटकली आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आमचं लुगडं तुमच्या पदराले लागून आलं वाटते.” पण ओटी थांबवली नाही. कुंकू लावलं, ओंजळ ओंजळ तांदूळ टाकले, वर ब्लाउजपीस ठेवला, आणि सगळं सावकाश. मामीच्या दोन्ही हातांत पदर होता आणि पदरात तांदूळ. तोंड झाकायला तिच्याकडे हात उरला नव्हता.

बस्ता मोडला नाही. उलट वऱ्हाडाने आपल्याच मामीला जिना उतरेपर्यंत फाडून खाल्लं. शेठ इतका खूश झाला की त्याने मावशीला नवीन ताट आणून दिलं. आणि मावशीला त्यात मजा येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. दुपारच्या चहाला ती त्या त्या बाईचं तोंड करून दाखवायची. डोळे कसे झाले, ओठ कसा लोंबला. आम्ही पोट धरून हसायचो. ती म्हणायची, “मासोळीच्या मांगं पानी खडबडत धावलं तं सापडते काय? जाळं धरून उभं राहाचं.”

एकदा डबा खाताना मी तिला म्हटलं की हे आपलं काम आहे का मावशी. आपण साड्या विकायला आलो, लोकांची अब्रू काढायला नाही. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. “पोलिसाले काठी भेटते, वर्दी भेटते,” ती म्हणाली. “मले कुकवाचा करंडा भेटला. दिवाकरसारखे दात पाडून घेऊ काय?” चोर समोर आला की नोकराने काय करायचं हे शेठने कधीच ठरवलं नाही. जे करू ते चुकलं, एवढंच ठरवलं होतं.

तिची सारी ताकद कुंकवात होती, म्हणजेच नवऱ्यात. विधवेने ओटी भरायची नसते. म्हणून शेठ सकाळी आल्याबरोबर तिच्या नवऱ्याची तब्येत विचारायचा. हिवाळ्यात तलावाच्या पाण्यात उभा राहून नवऱ्याला ताप भरला, तेव्हा शेठने स्वतःच्या गाडीतून त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. गाव म्हणालं, मालक असावा तर असा. मावशी मला म्हणाली, “माह्या नवऱ्याले काही झालं तं त्याची ठाणेदारीन मरते ना.” पाठीमागे ठेवलेलं नाव तिला ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

या युक्तीला एकच भोक होतं. विधवेची ओटी भरतही नाहीत. त्यामुळे आमच्या दुकानात विधवांना मोकळं रान होतं, आणि एक म्हातारी ते बरोबर ओळखून होती. ती प्रत्येक बस्त्याला कोणाची ना कोणाची आत्या म्हणून यायची, काहीतरी काखेत मारायची, आणि दारात थांबून मावशीला म्हणायची, “माही भर ना वं ओटी.” मग दात नसलेल्या तोंडाने हसायची. मावशी त्या दिवशी चहाला कोणाचंच तोंड करून दाखवायची नाही.

तिची एकच मुलगी, पुनम. बारावी झालेली, नाकीडोळी नीटस. मावशीने तिला तलावाकडे कधी फिरकू दिलं नाही, बाजारात टोपल्यापाशी बसू दिलं नाही. पुनमच्या अंगाला वास लागू द्यायचा नाही, एवढंच तिचं आयुष्य होतं. मोहाडीकडचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत कंत्राटी का होईना पण खुर्चीवर बसणारा. साक्षगंध झालं. मावशी त्या दिवसांत पोरांच्या टोमण्यांनाही हसून उत्तर द्यायची. बस्ता आमच्याच दुकानात करायचा हा तिचा हट्ट. ज्या गादीसमोर ती इतकी वर्षं उभी राहिली, त्या गादीवर तिला बसायचं होतं.

त्या दिवशी ती हिरवं लुगडं नेसून आली आणि खरंच गादीवर बसली. शालूवर शालू उलगडले. पुनमच्या खांद्यावर एक राणी रंगाचा शालू टाकून तिला मोठ्या आरशासमोर उभं केलं होतं, आणि नवरदेवाच्या बहिणी फोटो काढत होत्या. विहीणबाई, म्हणजे नवरदेवाची आई, एका कडेला बसून मानपानाच्या साड्या चिवडत होत्या. गरीब वगैरे काही नव्हत्या. हातात पाटल्या होत्या. शालूच्या काठावरून सगळ्यांचा वाद रंगला तेव्हा त्यांनी एक मोतिया साडी उचलली, पदराखाली घेतली आणि काखेत दाबली.

मावशीने ते आरशात पाहिलं. तिच्या हातातला चहा तसाच राहिला, म्हणून मी वळून पाहिलं. आणि वर केबिनमध्ये पडद्यावर शेठनेही पाहिलं असणार, कारण तो खाली आला. बस्त्यासाठी तो कधी खाली येत नसे. जिन्याच्या कठड्याला टेकून तो गोड आवाजात म्हणाला, “शेवंताबाई, आज तर घरचंच लग्न. तुमच्या हातच्या ओट्या होऊन जाऊ द्या. विहीणबाईंपासून करा सुरुवात.”

मावशी उठली. ताट घेतलं. विहीणबाईंना सोडून तिने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. मानाची ओटी शेवटी भरू म्हणाली. प्रत्येकीपुढे ती इतका वेळ लावत होती की बायका कंटाळल्या. मध्येच तिने विहीणबाईंना खालच्या मजल्यावर चादरी पाहून या म्हणून सुचवलं. वाटेत त्या साडी कुठे तरी ठेवतील, एवढीच तिची आशा. विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. मोहाडीकडच्या त्या बिचारीला ओटीमागची युक्ती माहीत नव्हती; त्या आपल्या मानाची वाट पाहत होत्या.

सगळ्यांच्या ओट्या झाल्या. मावशीने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, “तांदूर सरले.”

विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. “धानाच्या भंडाऱ्यात तांदूर सरले म्हनते,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याकडच्या बायका हसल्या. मग त्यांचा आवाज चढला. “सगळ्याईची भरली, अना माहीच राहिली? मी काय रांडमुंड हाय? थे पाहा माहा नवरा, खाली तंबाखूचा खर्रा घोटून राहिला.” चोरी काखेत घेऊन ती बाई स्वतःच ओटी मागत होती, आणि ज्या मावशीने आजवर कोणाला सोडलं नव्हतं, ती हात जोडून उद्या घरी येऊन भरते म्हणत होती.

शेठ काउंटरमागे गेला, खाली वाकला आणि तांदळाचा डबा उचलून तिच्यासमोर ठेवला. झाकण त्यानेच काढलं. “हे काय, भरलेला आहे की. भरा.” त्याच्या दुकानात साड्यांचे ढीग होते, एका मोतिया साडीने त्याचं काही बिघडत नव्हतं. त्याला फक्त पाहायचं होतं की ही बाई कोणाची आहे, दुकानाची की पोरीची. त्या माणसाचा मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. पगार त्याच्याकडूनच घेते, तरी गेलेला नाही.

मावशीने पुनमकडे पाहिलं. तिच्या खांद्यावर शालू तसाच होता. मग मावशीने ताटावरचा हात काढून घेतला, तो लुगड्याला पुसला आणि खाली पाहत म्हणाली, “माह्याच्यानं होत नाही जी. मले अडचन आली.”

महिन्याची अडचण असलेल्या बाईने हळदीकुंकवाला शिवायचं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. शेठला डबा आणता येणार नाही असं हे एकच कारण जगात होतं, आणि मावशीने ते बरोबर शोधून काढलं. फक्त त्या क्षणी ती एक गोष्ट विसरली. खोलीभर बायकांच्या ओट्या तिने नुकत्याच आपल्या हाताने भरल्या होत्या.

मग नवरदेवाच्या आत्याने विचारलं, “मंग आमच्या ओट्या?” आणि तिने पदर झटकला. तिचं पाहून दुसरीने, मग तिसरीने. गादीवर, शालूंवर, पुनमच्या पायांवर तांदूळ पडत राहिले. एकजण कपाळावरचं कुंकू रुमालाने खसाखसा पुसत होती. मावशीच्या घरच्या बायकाही तिच्याकडे पाहायला तयार नव्हत्या. विहीणबाई उठल्या. लग्नाच्या शुभकार्यात जिने जाणूनबुजून विटाळ कालवला, तिची पोरगी आमच्या घरात नको, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आणि कोपर अंगाशी घट्ट धरून त्या जिना उतरल्या. ओटी सुरू झाल्यापासून आमच्या दुकानातून साडी चोरून सुखरूप बाहेर गेलेली ती एकमेव सवाष्ण.

मावशी तोंड उघडेल म्हणून मी वाट पाहिली. त्यांच्या काखेत पाहा, एवढंच म्हणायचं होतं. ती खाली बसून पायाखाली येतील म्हणून तांदूळ गोळा करत होती. पुनमच्या खांद्यावरचा शालू शेवटी दिवाकरने काढून घेतला.

शेठने तिला त्याच दिवशी काढलं. एक तर साडी डोळ्यांदेखत जाऊ दिली. आणि दुसरं म्हणजे, तो म्हणाला, आता तुमच्या हातची ओटी घेणार कोण? हे दुसरं खरंच होतं. संध्याकाळपर्यंत गोष्ट तालुकाभर पोहोचली होती. शेठने मग नागपूरहून दारात वाजणारं यंत्र आणून बसवलं. यंत्र वाजलं की कोणीतरी पाहायला लागतं. ती जागा मला मिळाली.

पुढे मी एकदा तिच्या गावी गेले आणि विचारलं की का नाही भरलीस ओटी. ती माशांचे खवले काढत होती. हात न थांबवता म्हणाली, “तिचे दोनी हात पदरात राहिले असते वं. मंग जे तोंड झालं असतं, थे तिनं जलमभर माह्या पोरीले दाखवलं असतं.” आयुष्यभर इतक्या बायकांची तोंडं करून दाखवणाऱ्या बाईला ते एक तोंड पाहायची भीती वाटली होती. पुनमला तिने काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, बसस्टँडवर. पुनम नागपूरला एका मॉलमध्ये कामाला लागली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग पडू द्याचं होतं ना लुगडं. मले दिसलं असतं कोनाच्या घरी चालली होती मी.” बस आली आणि ती चढली. त्यानंतर ती आईला भेटायला आली नाही. बापाच्या मातीला आली, तेवढीच.

हो, नवरा गेला. शेठने गाडी पाठवली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावशी पुतण्याच्या बस्त्याला आली. मोकळं कपाळ, विटकं लुगडं. ती गादीपासून दूर भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला कोणी बसही म्हटलं नाही. शालूंना हात लावायला गेली नाही. मंडळी निघाली तेव्हा दारातलं यंत्र वाजलं. ते मधूनमधून उगीचच वाजतं. पण वऱ्हाड थांबलं, आणि सगळ्यांनी वळून तिच्याकडेच पाहिलं. वरून शेठचा आवाज आला, “वनिता, पाहून सोड.”

मी काही म्हणायच्या आत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी तिने पदर पुढे पसरला, पार टोकापर्यंत, कोपरं अंगापासून दूर. “पाहून घे वं,” ती म्हणाली. “ह्याच्यात आता कोनी काही टाकत नाही.” आणि ती तशीच उभी राहिली, सगळ्या बायकांसमोर, दोन्ही हात पदरात गुंतलेले आणि तोंड उघडं.

मी पाहून घेतलं.

“काही निघालं का?” शेठने वरून विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.